सांबऱ्याची धावपट्टी

नकाशावर शिरोळवर बोट ठेवून ते सरळ दक्षिणेला न्यावं. पंचगंगा ओलांडली, दूधगंगा ओलांडली, चिकोडी गेलं, हुक्केरी गेलं, घटप्रभेचं खोरं मागं पडलं की बोट बेळगावच्या पूर्वेला सांबरा गावावर येऊन थांबतं. शिरोळ आणि सांबरा जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत आणि हवाई अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. सांबऱ्याहून नैऋत्येला तितकंच गेलं की गोव्यातलं दाबोळी येतं. सांबऱ्याच्या तळाची सारी कहाणी या अंतरांत आहे. तो बांधला ब्रह्मदेशातल्या लढाईसाठी आणि त्याची खरी गरज पडली ती गोव्यासाठी.

शिरोळ तालुक्याला फौज परकी नाही. सैनिक टाकळी हे गाव याच तालुक्यातलं. घराघरांतून माणूस सैन्यात जायचा, म्हणून टाकळीच्या आधी ‘सैनिक’ लागलं. या भागातल्या पोरांना भरती म्हटलं की पहिलं आठवतं ते बेळगाव, कारण मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून तिथं आहे. जयसिंगपूरहून रेल्वेनं मिरजेला जायचं, तिथून लोंढ्याकडची गाडी धरायची आणि बेळगावला उतरायचं, हा रस्ता कित्येक पिढ्यांच्या पायाखालचा. त्या बेळगावात आकाशातली फौज आली १९४२ साली.

हे साल नीट समजून घ्यावं लागतं. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या विमानांनी कोलंबोवर बाँब टाकले आणि लगेच विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावरही. तोवर इंग्रज सरकारची नजर वायव्य सरहद्दीवर होती आणि पूर्वेकडून शत्रू येईल अशी त्याची तयारीच नव्हती. मग देशभर दोनशेहून अधिक विमानतळ उभारण्याचा किंवा वाढवण्याचा कार्यक्रम घाईघाईनं आखला गेला. आसाम-बंगालमधले तळ प्रत्यक्ष लढाईसाठी. पश्चिमेकडचे आणि दक्षिणेकडचे तळ सरावासाठी, आणि विमानं व माणसं टप्प्याटप्प्यानं पुढं धाडण्यासाठी. रॉयल एअर फोर्सनं बांधलेला सांबऱ्याचा तळ या दुसऱ्या जातीचा.

त्या काळात देशात धावपट्ट्या कशा झाल्या, हे आज पटकन डोळ्यांपुढं येत नाही. यंत्रं थोडी होती आणि वेळ त्याहून थोडा. शेतजमिनीचे बांध मोडायचे, वरची माती काढायची, मुरूम पसरायचा, त्यावर दगडी खडी, वर पाणी मारून रोलर, शेवटी डांबर किंवा काँक्रीट. खडी हातानं फोडलेली असायची. पाट्या बायकांच्या डोक्यावर असायच्या. विमान उतरताना सगळा भार चाकांखालच्या वीतभर जागेवर येतो, म्हणून पाया कुठं पोकळ राहून चालत नाही आणि पाणी साचूनही चालत नाही. पावसाळा तोंडावर असताना असं काम मैलभर लांबीचं करायचं म्हणजे काय, हे रस्त्यावर खडी फोडलेल्या माणसालाच कळेल. वैमानिकांची नावं दप्तरात राहिली, पाट्या वाहणाऱ्यांची राहिली नाहीत. मला या इतिहासातली ही सगळ्यात मोठी उणीव वाटते.

जागा मात्र विचार करून निवडलेली होती. बेळगाव घाटमाथ्याजवळ आहे, खानापूर-लोंढ्याकडं पाऊस कोसळतो. सांबरा शहराच्या पूर्वेला दहा-बारा किलोमीटर, उघड्या माळावर, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर. पश्चिमेला लागून असलेली जंगलं ब्रह्मदेशातल्या रानांशी बरीच मिळतीजुळती, म्हणून पायदळाचा सराव तिथं चाले. दुसरी ब्रिटिश डिव्हिजन १९४४ च्या आरंभी अहमदनगर-बेळगावच्या पट्ट्यात होती. मार्चमध्ये जपान्यांनी इंफाळ आणि कोहिमावर चाल केली, तेव्हा हीच डिव्हिजन उभा देश ओलांडून दिमापूरला नेली गेली आणि कोहिमाच्या डोंगरावर लढली. बेळगावच्या रानात शिकलेली गोष्ट काही आठवड्यांत हजारो किलोमीटरवर वापरावी लागली.

त्या काळात आपल्या कोल्हापूर संस्थानातही युद्धाची झळ वेगळ्या तऱ्हेनं पोचत होती. उजळाईवाडीचं विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी ५ जानेवारी १९३९ ला सुरू केलं होतं, युद्ध पेटायच्या आठ महिने आधी. १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहायला आले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत रशियातून इराण, इराणातून कराची असा वनवास भोगून आलेली ही माणसं कोल्हापूरच्या गाडीनं जयसिंगपूरवरूनच पुढं गेली. एकाच मुलखात एकीकडं युद्धासाठी माणसं तयार होत होती आणि दुसरीकडं युद्धानं उखडलेली माणसं विसावत होती.

आणि पश्चिमेला, घाट उतरला की तटस्थ पोर्तुगालचा गोवा. मार्मागोव्याच्या बंदरात आसऱ्याला आलेलं ‘एरेनफेल्स’ हे जर्मन जहाज मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्सच्या माणसांनी रात्री छापा घालून बुडवायला लावलं. पण गोव्यावर विमानं धाडण्याचा प्रश्न तेव्हा नव्हता. तो उभा राहिला अठरा वर्षांनी, आणि तेव्हा सांबऱ्यावर भारतीय वायुसेनेचा झेंडा होता.

१९६१ च्या डिसेंबरात बेळगाव छावणीमय झालं. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची सतरावी डिव्हिजन गोव्यात शिरण्यासाठी सज्ज होत होती. हवाई कारवाईची सूत्रं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडं होती. त्यांच्या हाताशी पुण्याचं लोहगाव आणि बेळगावचं सांबरा हे प्रमुख तळ होते आणि हुकूम स्पष्ट होता: दाबोळीची धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाच्या इमारतीला धक्का लावायचा नाही. बांबोळीचं बिनतारी केंद्र बंद पाडायचं, म्हणजे गोव्याचा लिस्बनशी संपर्क तुटेल.

१८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून बारा कॅनबेरा विमानं विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली दाबोळीवर गेली आणि ६३,००० पौंड वजनाचे बाँब टाकून परतली. मग विंग कमांडर सुरिंदर सिंग यांची आणखी आठ कॅनबेरा. बांबोळीवर गेली ती सहा हंटर विमानं, सतराव्या स्क्वाड्रनची, सांबऱ्याहून उडालेली. हंटर हे ध्वनीच्या वेगाजवळ जाणारं जेट, नाकाखाली तीस मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांखाली रॉकेटं. सांबऱ्याहून बांबोळी म्हणजे त्याला दहा मिनिटांचाही रस्ता नाही. सह्याद्रीची धार ओलांडली की समोर मांडवी, झुवारी आणि समुद्र. केंद्र निकामी झालं. पोर्तुगिजांकडं गोव्यात एकही लढाऊ विमान नव्हतं, त्यामुळं आकाशात सामना झालाच नाही.

इतका मारा होऊनही दाबोळीची धावपट्टी पुरती मेली नाही. पोर्तुगिजांनी रात्रीत खड्डे जेमतेम बुजवले आणि तिथं उभी असलेली दोन प्रवासी विमानं, एक कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-४, अंधारात उरलेल्या तुकड्यावरून उडवून, समुद्रालगत खालून उडत कराचीला नेली. धावपट्टी मोडणं दिसतं तितकं सोपं नसतं. मुरूम-खडीचं काम चिवट असतं, आणि बुजवायला माणसं असली की खड्डा भरतो.

१९ डिसेंबरला संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती दिली. त्या दिवसाची मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट मात्र बाँबफेकीची नाही. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे १९५५ पासून आधी आंबोलीच्या आणि पुढं कॅसलरॉकच्या जंगलातून गोवा मुक्तीचं गुप्त रेडिओकेंद्र चालवत होते. साप, जळवा, धो धो पाऊस, आणि रोज ठरल्या वेळेला आवाज गेलाच पाहिजे ही जिद्द. सहा वर्षं ज्यांनी रानात लपून बोलावं, त्यांना वायुसेनेनं विमानात बसवलं. गोव्यावरून घिरट्या घालत, ध्वनिक्षेपकावरून पोर्तुगीज आणि कोंकणीत त्यांनी सांगितलं की गोवा मुक्त झाला. खाली पत्रकं भिरभिरत पडत होती. पुढं ती दोघं विवाहबद्ध झाली आणि लिबिया लोबो सरदेसाईंना २०२५ मध्ये, शंभरी गाठल्यावर, पद्मश्री जाहीर झाली. पिंटोंना मात्र फार दिवस लाभले नाहीत. २२ नोव्हेंबर १९६३ ला पूंछमध्ये हेलिकॉप्टर अपघातात ते गेले.

नंतरच्या काळात सांबऱ्यानं लढाऊ तळापेक्षा शाळेचं रूप घेतलं. वायुसेनेची एअरमन ट्रेनिंग स्कूल आज तिथं आहे. दुसऱ्या बाजूला नागरी विमानतळ, त्याची नवी इमारत सप्टेंबर २०१७ मध्ये खुली झाली. तिथून विमान पकडणाऱ्यांत घटप्रभेच्या अलीकडचे, आपल्या बाजूचे लोकही असतात. चाकं जमीन सोडतात ती जमीन कोणी आणि कशासाठी तयार केली, हे त्यांना सांगणारी दोन ओळींची पाटी असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. त्या पाटीवर १९४२ असावं, १८ डिसेंबर १९६१ असावं आणि मुरूम वाहणाऱ्यांचाही उल्लेख असावा.

डिसेंबर २०२३ मध्ये महिला अग्निवीरवायूंची पहिली तुकडी याच शाळेतून प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडली. सैनिक टाकळीतल्या आज्यांनी आपले नवरे आणि मुलगे बेळगावच्या गाडीत बसवले होते. त्या तालुक्यातल्या मुलींना आता त्याच बेळगावात, सांबऱ्याच्या फाटकातून, स्वतः आत जाता येतं.