चष्म्याचा नंबर की आणखी काही?

मुलगी आठ वर्षांची होईपर्यंत आम्ही तिचा चष्मा तीनदा बदलला. तरी फळ्यावरचे दिसेना, उन्हात डोळे उघडेनात, रंगांचा गोंधळ होई. आम्ही टीव्हीला दोष दिला! शेवटी दृष्टिपटलाच्या डॉक्टरांनी ईआरजी केला. प्रकाश पडल्यावर डोळ्यातील पेशींचे विद्युत् संदेश त्यात मोजतात.

अंधारात या पेशींत सोडियम आत येते, पोटॅशियम बाहेर जाते. उजेड पडला की सोडियमचे दार मिटते, पोटॅशियम मात्र जातच राहते. या फरकातूनच मेंदूला खबर मिळते. केसीएनव्ही२ या जनुकात दोष असला की पोटॅशियमची वाट बिघडते. न्यूयॉर्कच्या डॉ. पीटर गूरास व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हा विकार वर्णिला. जनुक २००६ मध्ये सापडले.

दोष आई-वडील दोघांकडून यावा लागतो. मी मामाची मुलगी केलेली! दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका. बरे करणारे औषध अजून नाही. गडद काचा, मोठी अक्षरे, पुढचा बाक यांचा आधार होतो.

आता पैशाचे. २००८ च्या 'जिना' कायद्यामुळे जनुक तपासणीवरून आरोग्य विमा नाकारता येत नाही. आयुर्विमा व अपंगत्व विम्याला मात्र हे संरक्षण नाही. म्हणून धाकट्याच्या तपासणीआधी आम्ही त्याचा आयुर्विमा उतरवला.

चष्मा बदलूनही मूल उन्हात डोळे मिटत असेल, तर डॉक्टरांना ईआरजीबद्दल जरूर विचारा. आम्ही उशिरा विचारले.