चौदा इंचांत काय मावतं, काय नाही

छोटा गेमिंग लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की दोन टोकांची मतं कानावर पडतात. एक म्हणतो, एवढ्याशा यंत्रात दम नाही. दुसरा म्हणतो, मोठ्यातलं सगळं आता छोट्यात आलंय. दोन्ही मतं अपुरी आहेत. २०२० मध्ये आलेल्या आसुसच्या झेफिरस जी१४ने चौदा इंची गेमिंग लॅपटॉपकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. त्याच्या आधाराने नेहमीचे गैरसमज तपासू.

गैरसमज : हलका म्हणजे तकलादू.
वस्तुस्थिती : २०२०च्या जी१४चं वजन साधारण १.६ किलो. त्यात मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरला आहे. मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने हलकं असतं. त्यावर रंगाचा थर असला की ते हाताला प्लॅस्टिकसारखं लागतं आणि बरेच जण फसतात. मजबुती ठरते ती आतल्या बांधणीवर आणि बिजागरीवर. दुकानात कीबोर्ड मधोमध दाबून पाहा, लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचला, झाकण दोन-चार वेळा उघडून मिटा. कुठे दबतं, वाकतं, कुरकुरतं ते लगेच कळतं.

गैरसमज : ‘लष्करी दर्जा’ लिहिलंय, म्हणजे पडला तरी चालेल.
वस्तुस्थिती : ‘मिल-स्टँडर्ड-८१०’ ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ठरवलेली चाचण्यांची पद्धत आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनीच ठरवते आणि संरक्षण खातं लॅपटॉपला प्रमाणपत्र देत नाही. नेहमीच्या वॉरंटीत पडल्याने झालेलं नुकसान सहसा धरलं जात नाही.

गैरसमज : ग्राफिक्स कार्डाचं नाव सारखं, म्हणजे वेगही सारखा.
वस्तुस्थिती : लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कार्ड ३५ वॅटवरही चालतं आणि ११५ वॅटवरही. किती वॅट द्यायचे हे बांधणीवर ठरतं, कारण तेवढी उष्णता बाहेर काढावी लागते. पातळ यंत्रात पंखे आणि तांब्याच्या नळ्यांना जागा कमी मिळते. म्हणून २०२०च्या जी१४चं झाकण उघडलं की मागची कड किंचित वर उचलली जाते आणि खालून हवा खेळते. असा लॅपटॉप गादीवर ठेवून खेळलं की हवेची वाट बंद होते, पंखे ओरडू लागतात आणि वेग पडतो.

गैरसमज : टाइप-सी पोर्ट सगळे सारखेच.
वस्तुस्थिती : टाइप-सी हा केवळ पोर्टाचा आकार आहे. त्यातून माहितीचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिटही असू शकतो आणि ४० गिगाबिटही. २०२०च्या जी१४मध्ये दोन टाइप-सी पोर्ट होते. डावीकडच्या पोर्टातून मॉनिटर आणि चार्जिंग दोन्ही होत असे, उजवीकडचा फक्त माहितीची देवाणघेवाण करी. एचडीएमआयचंही असंच आहे : २.० आवृत्तीवर ४के चित्र साठ हर्ट्‌झपर्यंत मिळतं. १२० हर्ट्‌झचा ४के मॉनिटर किंवा टीव्ही पूर्ण क्षमतेने चालवायचा असेल तर २.१ लागते.

गैरसमज : टाइप-सीने चार्ज होतो, मग मोठा चार्जर कशाला?
वस्तुस्थिती : २०२०च्या जी१४चा मूळ चार्जर १८० वॅटचा आणि टाइप-सी चार्जिंग ६५ वॅटचं. कॉलेजात नोट्स काढायला, सिनेमा पाहायला ६५ वॅट पुरतात. गेम खेळताना मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून त्याहून जास्त वीज मागतात. मग वेग कमी होतो किंवा चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते.

गैरसमज : रॅम काय, नंतर वाढवता येईल.
वस्तुस्थिती : २०२०च्या जी१४मध्ये काही रॅम मदरबोर्डला जोडलेली होती आणि रॅमसाठी एक स्लॉटही मिळत असे. २०२४च्या पातळ मॉडेलमध्ये सगळी रॅम मदरबोर्डलाच जोडलेली आहे. तिथे खरेदीच्या दिवशी घेतली तेवढीच कायमची.

लहान यंत्रात प्रत्येक मिलिमीटर कशासाठी तरी खर्च झालेला असतो. त्यामुळे लाखभर रुपये मोजण्याआधी विक्रेत्याला चार प्रश्न विचाराच : ग्राफिक्स कार्ड किती वॅटचं? कोणत्या टाइप-सी पोर्टातून मॉनिटर चालतो? एचडीएमआय कोणत्या आवृत्तीचं? रॅमचा स्लॉट आहे का? उत्तरं तोंडी घेऊ नका. कंपनीने त्या नेमक्या मॉडेल क्रमांकासाठी दिलेल्या माहितीपत्रकात ती दाखवायला सांगा, कारण एकाच नावाखाली दरवर्षी वेगळं यंत्र विकलं जातं.