हॅरिएट तळ्याकाठचा नादमंडप

उघड्यावर गाणाऱ्याचा निम्मा स्वर वाऱ्यावर विरून जातो, हे मोकळ्या पटांगणात उभे राहिलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. म्हणून वादकांच्या पाठीशी व माथ्यावर आडोसा उभारावा, म्हणजे तोच नाद परतून श्रोत्यांकडे येतो. अमेरिकेत अशा मंडपास ‘बँडशेल’ म्हणतात. मिनेसोटा राज्यातील मिनीॲपोलिस नगरात, हॅरिएट तळ्याकाठच्या उद्यानात असा एक मंडप आहे. वाचकहो, त्याची कथा श्रवणीय आहे.

आरंभी लोकरंजन हा केवळ निमित्तमात्र हेतू होता. १८८८ साली ट्राम कंपनीने आपल्या मार्गालगत येथे पहिला मंडप बांधला, तो गाडीस उतारू मिळावेत म्हणून! संगीत हे आमिष, भाडे हे फळ. तो मंडप १८९१ मध्ये जळाला. १८९२ साली दुसरा उभा राहिला. १९०३ मध्ये तोही अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडला. १९०४ च्या तिसऱ्या मंडपाच्या गच्चीवर वाद्यवृंद बसे व खाली तळे पसरलेले असे. १९२५ च्या जुलै महिन्यात वादळाने तो उद्ध्वस्त केला आणि त्यात प्राणहानीही झाली.

एवढे आघात झाल्यावर कोणी तो नाद सोडला असता, तर नवल नव्हते. १९२७ साली मात्र तेथे ‘तात्पुरता’ म्हणून एक लहानसा मंच उभारण्यात आला, आणि त्या तात्पुरत्या मंचाने १९८५ पर्यंत सेवा केली! दरम्यान, ज्या ट्रामसाठी हा सारा खटाटोप, ती १९५४ साली शहरातून हद्दपार झाली. रुळांचा एक छोटा तुकडा हौशी मंडळींनी राखला आहे. उन्हाळ्यात त्यावर जुनी गाडी धावते. उतारू नेणारी कंपनी गेली, श्रोते उरले.

आजची वास्तू १९८६ ची. ती शिंपल्याहून एखाद्या गोष्टीतल्या गढीसारखी अधिक दिसते. निमुळती छपरे, टोकदार शिखरे. रंगमंचामागच्या मोठ्या खिडकीतून पाणी दिसते, आणि मला तर ही योजना फारच रसिकतेची वाटते. हिवाळ्यात तळे गोठते, मंच मुका होतो. उन्हाळा आला की नगराच्या उद्यान मंडळातर्फे सायंकाळी वादन सुरू होते. घरची मंडळी शिदोरी घेऊन येतात, गवतावर सतरंजी अंथरतात, पोरे पुढे येऊन नाचतात. तिकीट कोणी विचारीत नाही.