‘येते हं’ म्हणूनच निघा

2017 च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठीची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली. त्यातले काही आठवडे बऱ्याच जणींचे बाळंतपणाआधीच संपतात. आई कामावर रुजू होते तेव्हा बाळ पाचएक महिन्यांचं असतं आणि पाळणाघरात फारशी कुरकूर न करता राहतं. वेळेवर दूध आणि मायेचा हात मिळाला की त्याला पुरतं. मग आठवा-नववा महिना लागतो आणि तेच हसरं बाळ दारातच आईच्या गळ्याला मिठी मारून आकांत मांडतं. घरचे पाळणाघराच्या मावशींकडे संशयाने बघू लागतात.

चौकशी जरूर करावी, पण बहुतेक वेळा बदल बाळातच झालेला असतो. नजरेआड गेलेलं माणूस नाहीसं होत नाही, कुठेतरी असतं, हे त्याला आता कळू लागलेलं असतं. आई आहे, पण इथे नाही, एवढं उमगतं. ती कधी येणार, हे उमगत नाही. साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या काळात हे रडणं सर्वांत जोरात असतं आणि बहुतेकांचं तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ओसरतं. निवड आपल्या हातात असेल, तर नवी जागा नेमकी याच काळात सुरू करू नये.

सराव घरातच सुरू होतो. पदराआड तोंड लपवून केलेलं ‘बुवा कुक’ हा त्याचा पहिला धडा: गेलेलं परत येतं. मग शेजारच्या खोलीत जाऊन तिथून बोलत राहायचं, पुढे अर्धा तास आजीजवळ ठेवून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायचं. पाळणाघरातही आधी काही दिवस आईने किंवा बाबांनी सोबत बसावं. आई मावशींशी मोकळेपणाने बोलते हे मूल बघत असतं. त्यानंतर एक तास, मग जेवणापर्यंत, मग दुपारच्या झोपेपर्यंत, असा वेळ वाढवत न्यावा. झोपेचा टप्पा अवघड असतो. रोजची गोधडी किंवा आईची वापरलेली ओढणी तिथे कामी येते. ती धुऊन मात्र पाठवू नका, वास हवा.

निरोपाच्या वेळी घरातली मोठी माणसं हमखास सांगतात, ‘त्याचं लक्ष नाही तोवर सटक.’ हा सल्ला मला पटत नाही. त्या दिवशी दारातलं रडणं वाचतं, हे खरं. पण आई कुठल्याही क्षणी न सांगता गायब होऊ शकते हे कळल्यावर मूल घरीही पदर सोडत नाही, बाथरूमच्या दारापर्यंत मागे येतं. ‘खाऊ आणायला जाते’ ही थापही तशीच. त्यापेक्षा पापा, टाटा, ‘येते हं’, आणि निघायचं. रोज तेच शब्द, मिनिटाभरात. रडलं म्हणून दारातून परत फिरलं, तर निरोप लांबतो आणि रडणंही.

‘पाच वाजता येते’ याचा दीड-दोन वर्षांच्या मुलाला काही अर्थ लागत नाही. त्याचं घड्याळ घडणाऱ्या गोष्टींवर चालतं: भात खाशील, गाई करशील, उठून दूध पिशील, मग आई. दूध पिऊन झाल्यावर खरोखर आलं पाहिजे, एवढंच.

मूल रडलं नाही म्हणजे रुळलं, असंही समजू नये. जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली एक माहितीपट काढला. त्यातली अडीच वर्षांची मुलगी शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस ब्रिटनमधल्या रुग्णालयात एकटी राहते. ती फारसं रडत नाही, पण दिवसेंदिवस मिटत जाते. तिथल्या रुग्णालयांनी आईवडिलांना मुलांजवळ थांबू द्यावं, या मागणीला त्या चित्रणाने बळ दिलं. म्हणून मावशींना ‘रडला का?’ एवढंच विचारू नका. खेळला का, जेवला का, कुणाच्या मांडीवर गेला का, हे विचारा.

दिवसभर शहाण्यासारखं राहिलेलं मूल संध्याकाळी आईला बघताच भोकाड पसरतं. त्यात तक्रार असेलच असं नाही. दिवसभर आवरून धरलेलं हक्काच्या माणसासमोर सुटतं. घरी पोचल्यावर थोडा वेळ स्वयंपाक थांबू द्या.

आजारपण किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर रडणं बहुधा पुन्हा सुरू होतं. तेव्हा पहिले एक-दोन दिवस अर्धाच वेळ ठेवावं. पण काही आठवडे उलटूनही मूल तिथे खातपीत नसेल, कुणाजवळच जात नसेल, किंवा मावशी तुम्हाला आत डोकावू देत नसतील, तर जागा बदला.