कोणत्या आतड्यासाठी?

औषधांच्या दुकानांत अलीकडे प्रीबायोटिक तंतूंच्या भुकटीचे डबे मांडलेले दिसतात आणि त्यांवर आतड्यांच्या आरोग्याची ग्वाही छापलेली असते. परंतु ज्याच्या आतड्याचा काही भाग शस्त्रक्रियेने काढला गेला आहे, किंवा ज्याच्या आतड्याचे तोंड पोटावर आणून त्यास पिशवी लावलेली आहे, त्याने तो डबा हाती घेताना आपले कोणते आतडे शिल्लक आहे हे प्रथम विचारात घेतले पाहिजे, कारण या पदार्थाचा सारा गुण त्यावरच अवलंबून आहे.

या भुकट्यांतील एक प्रमुख द्रव्य म्हणजे इन्युलिन. कांद्यात व लसणात ते असतेच. व्यापारासाठी मात्र ते बहुधा चिकोरीच्या मुळांतून काढतात, म्हणजे आपल्याकडे कॉफीत मिसळतात त्याच चिकोरीच्या. लहान आतड्यातील पाचकरसांना ते फोडता येत नाही. ते जसेच्या तसे मोठ्या आतड्यात उतरते, तेथील जंतू त्यास आंबवितात, आणि त्यातून जी आम्ले निपजतात त्यांपैकी ब्युटिरिक आम्लावर मोठ्या आतड्याच्या अस्तराचा बहुतांश निर्वाह चालतो. जंतूंच्या या अन्नास प्रीबायोटिक हे नाव गिब्सन व रोबरफ्रॉइड यांनी १९९५ साली दिले.

इन्युलिन लहान आतड्यात पचत नाही, याचा प्रत्यक्ष दाखला इलिओस्टोमी झालेल्या, म्हणजे लहान आतड्याचे टोक पोटावर आणलेल्या, माणसांनीच दिला. खाल्लेल्या इन्युलिनाचे शंभरातील सुमारे ८५ ते ९० भाग त्यांच्या पिशवीत परत मिळाले. संकोच बाजूला ठेवून ज्यांनी हे मोजमाप करू दिले, त्यांचे ऋण आरोग्यशास्त्राने विसरू नये असे मला मनापासून वाटते. मात्र ज्या प्रयोगाने इतरांस लाभ दाखविला, त्यानेच त्यांच्या स्वतःच्या लाभाची मर्यादाही दाखविली: ज्या आतड्यात हे अन्न रुजावयाचे तेच तेथे नाही, उलट त्याने वायू धरून पिशवी फुगू शकते. त्यांची खरी चिंता पाण्याची व मिठाची आहे, कारण हे दोन्ही परत शोषून घेणारे मोठे आतडे त्यांच्यापाशी नसते.

अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी इसबगोल सुचवितात. अश्वकर्ण अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून नाव पडलेला, गुजरातेत व राजस्थानात पिकणारा हा भुसा पाणी धरून बुळबुळीत होतो, परंतु जंतू त्यास फारसे आंबवीत नाहीत. म्हणून तो काटेकोर अर्थाने प्रीबायोटिक नव्हे. त्याने पिशवीतील द्रव दाट दिसतो, पण तेवढ्यावरून शरीरातील मीठपाण्याची गळती थांबली असे समजू नये. आणि आतड्याचे तोंड अरुंद झालेले असल्यास तो अडकून बसण्याचे भय असते, तेव्हा शल्यचिकित्सकाच्या अनुमतीवाचून तो घेऊ नये.

मोठे आतडे शाबूत असून लहान आतडे आखूड झालेल्यांची गोष्ट निराळी. न पचलेल्या पिष्टापासून व तंतूंपासून त्यांचे मोठे आतडे बरीच ऊर्जा वसूल करते. मोठे आतडे काढून लहान आतड्याचीच थैली आत जोडण्याची रीत पार्क्स व निकोल्स यांनी १९७८ साली प्रसिद्ध केली. त्या थैलीतही जंतूंची वसाहत होते, आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रोज २४ ग्रॅम इन्युलिन तीन आठवडे दिल्यावर तिच्या अस्तराचा दाह घटलेला आढळला. ही मात्रा मोठी आहे. वैद्याने मुभा दिली तरी आरंभ दोन-तीन ग्रॅमांनीच करावा आणि पोटफुगी पाहत सावकाश वाढवावे.

सर्वांत अधिक कणव मला त्या मोठ्या आतड्याची येते, जे काढलेले नसते, पण वरचा प्रवाह तात्पुरता पोटावर वळविल्यामुळे रिकामे पडून असते. अन्नाअभावी त्याच्या अस्तरास दाह होतो. १९८९ साली हारिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतूंच्या आंबविण्यातून निपजणारी तीच आम्ले बस्तीने आत सोडली तेव्हा काही रुग्णांचा दाह शमला. पुढील अनुभव मात्र तितका आशादायक ठरला नाही. डब्यातील भुकटी तर त्याच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही, ती वाटेतच पिशवीत उतरते. दोन टोके पुन्हा जोडली गेली, अन्नाचा ओघ खाली वाहू लागला, की तो दाह बहुधा आपोआप ओसरतो.