घर आणि बाग नावावर करताना

मालवण तालुक्यातील एखाद्या जुन्या घरवाडीचा सात-बारा हाती घेतला, तर त्यावर वीस-पंचवीस नावे आढळावीत यात नवल नाही. पणजोबांचे नाव कमी झाले, त्यांच्या चार मुलांची चढली, पुढे त्या मुलांच्या मुलांची. त्यांतले निम्मे मुंबईस, एखादा परदेशी. गावी राहून माडांना पाणी घालणारा भाऊ एकच. कौले त्याने परतायची, घरपट्टी त्याने भरायची आणि कर्ज मागावयास गेला की बाकीच्यांच्या सह्या आणा म्हणून परत यायचे. मिळकत त्याच्या नावे व्हावी असे सर्वांच्या मनात असले, तरी 'खर्च किती येईल' या धास्तीने काम वर्षानुवर्षे पडून राहते. ही धास्ती बरीचशी अज्ञानातून आलेली आहे.

प्रथम हे ध्यानात घेऊ की, वारसाहक्काने मिळकत येते तेव्हा सरकार मुद्रांकशुल्क घेत नाही. १९५३ ते १९८५ या काळात मोठ्या इस्टेटीवर मृत्युकर होता. तोही १९८५ साली रद्द झाला. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडे (सरकारने अलीकडे त्यांचे पदनाम बदलले आहे, लोकांनी नाही) अर्ज करावा. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. मात्र या नोंदीने वाटणी होत नाही. नावे तेवढी चढतात. मालकीचा अखेरचा पुरावा सात-बारा नव्हे.

खरा प्रश्न पुढचा. सर्व वारसांतून एकाच्या नावे मिळकत करावयाची, तर कोणता दस्त करावा? इथे शब्द बदलला की खर्च बदलतो. खरेदीखत केले, तर मुद्रांकशुल्क मिळकतीच्या किमतीवर शेकड्याने लागते. शिवाय विक्री, बक्षीस आणि कब्जेगहाण यांवर स्थानिक संस्थेचा १ टक्का अधिभार असतो. गावात तो जिल्हा परिषदेचा. परंतु वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा भावाने किंवा बहिणीने मोबदला न घेता भावंडाच्या हक्कात सोडला, तर हक्कसोडपत्रास केवळ नाममात्र मुद्रांक पुरतो. दोघांनी मिळून स्वतः विकत घेतलेल्या मिळकतीस ही सवलत नाही. बहिणींची सही 'कशाला हवी' असे म्हणणारे अजून भेटतात. २००५ सालच्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तेव्हा तिला वगळून केलेला कागद पुढे कोर्टाची पायरी दाखवितो.

बक्षीसपत्राचेही तसेच. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना दिली, तर २०१५ पासून मुद्रांक २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार मात्र वेगळा. पुतण्याला दिली तर हा दर नाही.

विक्रीच्या व्यवहारात लोक सर्वांत जास्त फसतात ते किमतीबाबत. ठरलेली किंमत आणि सरकारी दरतक्त्याचे मूल्य यांत जे अधिक, त्यावर शुल्क. समजा, घर २० लाखांस ठरले आणि तक्त्याप्रमाणे २६ लाख झाले. शुल्क २६ लाखांवर. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २६,००० रुपये. ती ३०,००० च्या वर जात नाही. एवढ्यावर भागत नाही. तफावत १० टक्क्यांहून अधिक असल्याने वरचे ६ लाख घेणाऱ्याचे उत्पन्न समजून त्यावर आयकर लागतो आणि विकणाऱ्याचा नफाही २६ लाख धरूनच मोजतात. कागदावर किंमत कमी दाखविण्याची जुनी चलाखी आता अशी अंगाशी येते. राहते घर स्त्रीच्या नावे घेतल्यास शुल्कात १ टक्का सूट मात्र २०२१ पासून मिळते.

शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री नोंदणीवाचून होत नाही. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकापुढे गेला पाहिजे. पुढच्या चार महिन्यांत गेला तर दंड भरून, त्यानंतर नाही. मुद्रांक कमी पडला असेल, तर तुटीवर दरमहा २ टक्के दंड चढतो आणि भरणा होईपर्यंत तो कागद पुराव्यात घेतला जात नाही.

मुंबईकर मंडळींना मुखत्यारपत्राचा मोह फार. गावच्या भावाला सही करता यावी एवढ्यापुरते ते उत्तम. पण मुखत्यारपत्र आणि साठेखत यांवर जमीन 'विकत' घेणाऱ्यास मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

राहिला विक्रीवरील नफ्याचा कर. खेड्यातील शेतजमिनीच्या विक्रीवर तो लागत नाही. परंतु दहा हजारांहून अधिक आणि एक लाखापर्यंत वस्ती असलेल्या नगरपालिकेच्या हद्दीत, अथवा हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या आत जमीन असेल, तर ती खेड्यातली धरत नाहीत. मालवण शहराची वस्ती या मर्यादेत बसते. तेव्हा शहरालगतच्या गावची माडाची बाग विकणाऱ्याने इसार घेण्यापूर्वी हे अंतर मोजून घ्यावे, रस्त्याने नव्हे, नकाशावर.