फिट थांबली, वाचनाचं काय?

इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाचं बेट आहे. १९६०च्या दशकात मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शाळकरी मुलांची मोठी पाहणी केली आणि १९७० मध्ये ती पुस्तकरूपानं आली. अपस्माराची, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार असलेली मुलं अभ्यासात मागे दिसली की 'डोकंच कमी' असं म्हणून मोकळं व्हायचा तो काळ. या पाहणीत मात्र मेंदूला दुसरी कुठलीही इजा नसलेली, नेहमीच्या शाळेत जाणारी अपस्माराची मुलंही वाचनात वयाच्या मानानं बरीच मागे आढळली, आणि अशांचं प्रमाण इतर मुलांपेक्षा ठळकपणे जास्त होतं. याला आता अर्धशतक उलटून गेलं.

मग संशय गेला गोळ्यांवर, आणि तो अगदी निराधार नव्हता. फिट थांबवणारं फिनोबार्बिटल १९१२पासून वापरात आहे. स्वस्त आणि खेडोपाडी मिळणारं औषध. १९९० मध्ये अमेरिकेत तापात फिट येणाऱ्या लहानग्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे औषध दिलेल्या मुलांचा बुद्ध्यंक औषध न दिलेल्यांपेक्षा सरासरी ८.४ गुणांनी कमी भरला. काही वर्षांनी ही मुलं शाळेत गेल्यावर पुन्हा तपासली, तर फरक राहिला होता तो मुख्यतः वाचनात. (तापातली फिट म्हणजे अपस्मार नव्हे, पण गोळी तीच.) एवढ्यावरून कुणी घरची गोळी परस्पर बंद करू नये. १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातल्या मुलांवरची चाचणी 'लॅन्सेट'मध्ये आली. तिच्यात फिनोबार्बिटलमुळे मुलांच्या वागण्यावर फिनिटॉइन या दुसऱ्या औषधापेक्षा जास्त दुष्परिणाम झाल्याचं दिसलं नाही. ज्या घराला परवडणारी तेवढी एकच गोळी आहे, तिथे ती सोडणं कितीतरी जास्त धोक्याचं.

पण सगळा दोष औषधावर टाकून भागत नाही, हे ईईजीनं, म्हणजे मेंदूतल्या विद्युत हालचालींच्या आलेखानं दाखवलं. मला या सगळ्या इतिहासातला हाच टप्पा सर्वात महत्त्वाचा वाटतो. १९८४ मध्ये आर्ट्स, बिनी आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या रुग्णांना चाचण्या सोडवायला बसवून त्याच वेळी त्यांचा ईईजी काढला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, ना झटका ना टक लागणं. तरी आलेखावर क्षणभराची उसळी आली की अनेकांचं उत्तर नेमकं तेव्हाच चुकायचं. उसळी डाव्या बाजूची असेल तर शब्दांच्या कामात गडबड, उजवीकडची असेल तर जागा ओळखण्याच्या कामात. आता श्रुतलेखनाचा तास डोळ्यांसमोर आणा. बाई वाक्य सांगतात आणि मुलाच्या वहीत मधले दोन शब्दच नसतात. जोडाक्षर अर्धं राहतं, वेलांटी गळते. शेरा पडतो : 'लक्ष नाही.' शेरा एका अर्थी खराच असतो. ते लक्ष कुठे जातं, हे मात्र कुणी विचारत नाही.

रोलँडिक अपस्मार या मुलांमधल्या एका प्रकाराची कथा तर याहून बोलकी. फिट बहुतेक झोपेत येतात, तोंडाची एक बाजू उडते, पौगंडावस्थेत आजार आपोआप थांबतो. म्हणून डॉक्टर त्याला 'सौम्य' म्हणत आले. पुढे या मुलांमध्ये वाचनाच्या आणि भाषेच्या अडचणी जास्त आढळू लागल्या आणि तो शब्द खटकू लागला. २०१७च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'सौम्य' जाऊन 'स्वतःहून थांबणारा' आलं. माझ्या मते हा बदल फार उशिरा झाला. 'सौम्य आहे, काळजी नको' ऐकून निर्धास्त झालेल्या आईबापांनी मुलाच्या वाचनाची चौकशी का करावी?

२०१४ मध्ये इंग्लंडमधल्याच ससेक्सच्या पाहणीचे आकडे आले. वाचन, स्पेलिंग, गणित अशा चाचण्यांपैकी किमान एकीत अपस्माराची ७२ टक्के मुलं कमी पडली. १९७० मध्ये जे कळलं होतं तेच पुन्हा कळलं, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडे अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे वाचन-लेखनात किंवा गणितात अडखळणाऱ्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र १९९६पासून पुढे आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अध्ययन अक्षमता आली. पण अपस्माराचं मूल जातं न्यूरोलॉजीच्या ओपीडीत. तिथे रांग मोठी, वेळ थोडा आणि प्रश्न ठरलेले : मागच्या वेळेपासून किती फिट आल्या, गोळी चुकली का? दोन्हींची उत्तरं समाधानकारक आली की पुढची तारीख मिळते. शाळेत तर आईवडील बहुधा आजार सांगतच नाहीत. सांगितला तर मुलाला सहलीला नेणार नाहीत, शेजारी कुणी बसणार नाही ही धास्ती. त्यामुळे डॉक्टरांना वही दिसत नाही आणि बाईंना आजार दिसत नाही.

वाचन-लेखनाची साधी तपासणी अपस्माराच्या प्रत्येक शाळकरी मुलासाठी, निदान झालं की लगेच आणि नंतर दरवर्षी व्हायला हवी. फिट पूर्ण थांबल्या असल्या तरीही. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. पालकांनी पुढच्या तारखेला जाताना फाइलीबरोबर मुलाची मराठीची वहीही न्यावी, डॉक्टरांपुढे उघडावी आणि अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी चिठ्ठी मागावी.